दुसऱ्याची पात्रे, आपली गोष्ट

सौंसरजवळच्या जामसावळी येथील हनुमंताची मूर्ती उभी नाही, बसलेलीही नाही. ती पहुडलेली आहे. पांढुर्णा, छिंदवाडा, नागपूर अशा तिन्ही दिशांनी तेथे भाविकांची ये-जा चालू असते. दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी ज्याने महाभारतातील वनपर्व वाचलेले असेल, निदान कीर्तनात ऐकलेले असेल, त्याला आडव्या झालेल्या मारुतीचा आणखी एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे शोधीत निघालेला भीम गंधमादनावर येतो, तो वाटेत एक म्हातारा वानर पसरलेला. बाजूस हो म्हणावे, तर तो म्हणतो की, म्हातारपणामुळे उठवत नाही, शेपूट सरकव आणि जा. भीमाला ती शेपूट तसूभरही हलविता येत नाही, आणि मग म्हाताऱ्याची ओळख पटते.

हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यातील रचनेची बाब सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हनुमंत हा रामायणातील. भीम महाभारतातील. दोन निराळे ग्रंथ, दोन निराळी युगे, आणि तरीही एका ग्रंथातील पात्र दुसऱ्या ग्रंथात इतक्या सहजपणे येऊन बसते की, श्रोत्याला त्यात काही ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. असे वाटू नये यासाठी महाभारतकाराने केलेली तजवीज पाहण्याजोगी आहे. हनुमंत चिरंजीव, त्यामुळे काळाची अडचण उरली नाही. तो वायूचा पुत्र आणि भीमही वायूचाच, तेव्हा नात्याचा सांधा आयताच सापडला. पुढे भीम समुद्रलंघनाच्या वेळचे रूप पाहण्याचा हट्ट धरतो, तेव्हा हनुमंत प्रथम नकार देतो: ते युग निराळे होते, आता काळ पालटला आहे. एवढे बजावून, चारी युगांचे धर्म समजावून सांगून, मग तो ते रूप दाखवितो. एका कथेचे नियम दुसऱ्या कथेत जसेच्या तसे चालत नाहीत, ही जाणीव कवीने पात्राच्याच तोंडी घातली आहे. भागवतात रामाचा जांबवान स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी अठ्ठावीस दिवस झुंजतो, तेथेही हेच कौशल्य दिसते. आपल्याला नमविणारा हा पुरुष आपला जुना स्वामीच आहे, हे त्याला झुंजीअंती कळते आणि दोन्ही कथा एका गाठीत येतात.

एका कथेतील पात्रांची दुसऱ्या कथेतील पात्रांशी गाठ घालून देणाऱ्या या प्रकाराला इंग्रजी वाचणारे आज ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात; आणि आवडत्या लेखकाची पात्रे घेऊन वाचकाने केवळ हौसेने लिहिलेल्या कथेला ‘फॅन फिक्शन’. या दोहोंच्या मिळणीतून होणाऱ्या लेखनाला मराठीत संगमकथा म्हणावयास हरकत नसावी. नाव नवे आहे, वस्तू नवी नाही. विदर्भाचेच उदाहरण घ्यावयाचे तर भवभूतीचे घेता येईल. वा. वि. मिराशी यांनी त्याचे पद्मपूर आमगावजवळचे, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील, ठरविले आहे. रामायणाच्या शेवटी सीता धरणीच्या पोटात जाते, हे भवभूतीला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! पण ‘उत्तररामचरिता’त त्याने वाल्मीकीलाच नाटक रचावयास लावले, ते रामापुढे करविले आणि अखेरीस राम व सीता यांचे मीलन घडविले. शेवट मनास न मानवणाऱ्या वाचकाने तो पुन्हा लिहून काढावा, ही आजच्या हौशी लेखकाचीही पहिली ऊर्मी असते. त्याच्याजवळ भवभूतीची प्रतिभा नसते, ही गोष्ट वेगळी.

तमाशातील गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात, मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते, आणि त्या हुज्जतीत गावच्या पाटलापासून एसटीच्या भाड्यापर्यंत काहीही येऊ शकते. प्रेक्षक हसतो तो दोन जगे एकमेकांवर आदळतात म्हणूनच.

या छंदाचे एक अंग वाचनाचे आहे, आणि ते चित्रपटाशी जोडलेले आहे. कादंबरीवरून चित्रपट निघतो हे मराठी रसिकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट केला. पाश्चात्त्य देशांत याच्या उलट वहिवाटही रूढ आहे. तेथे चित्रपटाच्या जोडीने, कित्येकदा त्याच्या आधीच, त्याच कथेवर लिहवून घेतलेली कादंबरी दुकानात येते. ही जोडकादंबरी बहुधा पटकथेवरून लिहिली जाते. लेखकाला तयार चित्रपट पाहावयास मिळत नाही. मोबदला ठरलेला, मुदत ठरलेली, पात्रे दुसऱ्याची. साहजिकच समीक्षक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि पुष्कळ वेळा त्यांचे काही चुकतेही नाही.

परंतु ही घाई आणि हे अपुरेपणच कधी कधी वाचकाच्या पथ्यावर पडते. ‘किंग काँग’ हा चित्रपट १९३३ च्या मार्चमध्ये पडद्यावर आला; डेलॉस लव्हलेस यांनी लिहिलेली त्याची कादंबरी १९३२ च्या अखेरीसच निघाली होती. चित्रपटातून पुढे गाळलेला, घळीत पडलेल्या खलाशांवर महाकाय कोळी तुटून पडतात तो प्रसंग, त्या पुस्तकात राहून गेला. ज्याला तो हवा असेल त्याने कादंबरीच उघडावी. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची हकिगत याहून गमतीची आहे. १९६८ साली चित्रपट आणि आर्थर क्लार्क यांची कादंबरी अशी दोन्ही पुढे आली. चित्रपटातील यान गुरूकडे जाते, पुस्तकातील शनीकडे. कारण शनीची कडी पडद्यावर पटण्याजोगी उभी करता येईनात. पुढे १९८२ साली क्लार्क यांनी उत्तरभाग लिहिला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पुस्तकाचा शनी सोडून चित्रपटाचा गुरू पत्करला. मूळ कोणते आणि जोड कोणती, हा प्रश्न लेखकालाच असा सोडवावा लागला. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत तर १९७७ च्या मे महिन्यात चित्रपट येण्यापूर्वीच पुस्तक निघाले होते. वर नाव दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचे, प्रत्यक्ष लेखणी ॲलन डीन फॉस्टर यांची.

अशी पुस्तके हाती असलेला वाचक एक गोष्ट हळूहळू शिकतो. पडद्यावर पात्राचा चेहरा दिसतो, मन दिसत नाही. कादंबरीकाराला ते मन भरून काढावे लागते. तो कोठे नुसताच संवाद उतरवून मोकळा झाला आणि कोठे त्याने खरोखर विचार केला, हे चित्रपट पाहून मग पुस्तक वाचणाऱ्याला लगेच कळते. कथा ही घटनांच्या यादीहून निराळी वस्तू आहे, हे समजण्यास याच्याइतका स्वस्त वर्ग दुसरा नाही. नागपूरच्या सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून अशी पुस्तके हाती लागतात, आणि पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर आहे.

वाचनाकडून लेखनाकडे जाण्याची पायरी मात्र उंच आहे. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. पुढल्याच वर्षी तिच्या चाहत्यांनी आपणच लिहिलेल्या मजकुराचे एक नियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. संगमकथेचे गाजलेले उदाहरण त्याहीपूर्वीचे, आणि ते हौशी लेखकाचे नाही. फ्रेंच कथाकार मॉरिस लब्लां यांनी आपला सभ्य चोर आर्सेन ल्युपँ याच्यासमोर १९०६ साली थेट शेरलॉक होम्स आणून उभा केला. हरकत येताच लब्लां यांनी अक्षरांची अदलाबदल करून पाहुण्याचे नाव ‘हर्लॉक शोल्मेस’ करून टाकले आणि १९०८ साली त्या दोघांच्या सामन्याचे पुस्तकही प्रसिद्ध केले. युक्ती चतुर खरी. पण त्या कथांतील होम्स मूळचा वाटत नाही. ल्युपँला जिंकवावयाचे म्हणून तो मुद्दाम मंद केलेला दिसतो. यजमानाने पाहुण्याला उपाशी ठेवून स्वतः पोटभर जेवावे, तसा हा प्रकार झाला. महाभारतकाराने हनुमंताच्या बाबतीत असे केले नाही. भीम त्याच्या ग्रंथाचा नायक, तरी शेपूट त्याला हलविता येत नाही.

मराठीत या छंदाच्या अगदी जवळ जाणारी घटना विनोदी वाङ्मयात घडली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे जन्माने नागपूरचे. १९०२ पासून त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकूटाच्या द्वारे समाजातील भोळसट रूढींची टर उडविणारे लेख लिहिले. १९१० साली त्यांतील अठरा लेख पुस्तकरूपाने निघाले आणि पुढे त्यांचे बत्तीस होऊन ‘सुदाम्याचे पोहे’ सिद्ध झाले. त्या पोह्यांवर ज्यांचा पिंड पोसला, त्यांत राम गणेश गडकरी अग्रभागी होते. त्यांनी कोल्हटकरांना गुरू मानले आणि ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले. तेथेही एक निवेदक आहे, त्याचे तिंबूनाना, भांबूराव आदी मित्र आहेत आणि तिंबूनानांच्या ठकीच्या लग्नाची न संपणारी मोहीम आहे. घडण गुरूची, माणसे शिष्याची. गडकऱ्यांनी कोल्हटकरांची बैठक उचलली आणि तीवर आपली माणसे बसविली. चाहता लेखक होतो तो असा. केवळ अनुकरण केले असते तर बाळकराम आज कोणाच्या लक्षात राहिला नसता.

गडकऱ्यांचा देह २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे पडला. नागपूरहून सौंसरकडे येणाऱ्या वाटेवरचे हे गाव. ‘राजसंन्यास’ नाटक अपुरे राहिले ते तेव्हाच. त्या अपुऱ्या नाटकाचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मराठी वाचकाने शंभर वर्षे मनात बाळगला आहे. आणि अशा प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून पाहणे हेच फॅन फिक्शन.

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत असल्या वहीला एक वेगळे मोल आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात हे दोन्ही तालुके आले. घरची बोली मराठी, कचेरीचा कागद हिंदी, आणि शाळेतही बहुतांशी हिंदीच. येथील मुलाला चिमणराव आजीच्या तोंडून किंवा जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतून भेटतो; पण स्वतः वाचलेली पहिली चित्रकथा बहुधा हिंदी असते. दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव या आपल्या दोन नायकांना एकाच कथेत आणले, ते या मुलांनी वाचलेले असते. म्हणजे संगमकथेची रुची त्यांना हिंदीतून लागलेली आहे आणि मराठी कानांत आहे. फक्त मराठी हाताला वळण नाही. बोलता येते, वाचता येते, पण लिहावयास बसले की ऱ्हस्वदीर्घ आडवे येतात आणि ‘ळ’ कोठे घालावा याचा संभ्रम पडतो. पत्रे लिहिण्याची चालही आता उरली नाही. निबंधासाठी असा मुलगा मराठी लिहिणार नाही. नागराजाला गुंड्याभाऊशी भिडविण्यासाठी कदाचित लिहील. कारण गुंड्याभाऊला हिंदीत बोलवून पाहिले की, तो गुंड्याभाऊ राहत नाही, हे त्याचे त्यालाच उमगते.

गोटमारीची कथा ही याच भागातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या दगडफेकीमागे एका मुलाच्या आणि मुलीच्या पळून जाण्याची दंतकथा सांगतात. मुलगा पांढुर्ण्याचा, मुलगी सावरगावची. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. ती मुलगी काय म्हणाली असेल, हे कोणत्याच दंतकथेने विचारलेले नाही. दुसऱ्याच्या पात्रांवर हात बसलेल्या लेखकाला हा प्रश्न केव्हा तरी सुचावा. आणि गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, तेव्हा तो प्रश्न नुसत्या करमणुकीचा राहत नाही.

आता कायद्याची बाजू. व्यास-वाल्मीकींच्या पात्रांवर कोणाची मालकी नाही. आधुनिक लेखकाच्या लेखनावर असते. भारतात १९५७ च्या कायद्याने ती लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे चाले. रवींद्रनाथांच्या ग्रंथांचा हक्क संपत आला तेव्हा, १९९२ साली, ती मुदत साठ वर्षांची करण्यात आली, आणि ती मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. कोल्हटकर १९३४ साली वारले, गडकरी त्यापूर्वीच. चि. वि. जोशी १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये निवर्तले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या पुस्तकांतील चिमणराव आणि गुंड्याभाऊ सर्वांना मोकळे झाले आहेत. दूरचित्रवाणीवरील चिमणराव मात्र निराळा; त्या मालिकेतील नवे संवाद आणि प्रसंग ज्यांचे त्यांचे आहेत. नागराज तर मोकळा नाहीच. त्याची कथा घरच्या वहीत लिहून मित्राला वाचावयास दिली तर कोणी जाब विचारणार नाही. छापून विकावयाची झाल्यास परवानगी पाहिजे. नवशिक्याने मोकळ्या पात्रांवरच हात बसवावा हे सोयीचे, आणि मराठीत तशी पात्रे आता थोडीथोडकी नाहीत.

समजा, एखाद्या सौंसरकर हौशी लेखकाने चिमणरावांची आणि बंडूनानांची भेट घडवावयाचे ठरविले. पहिली अडचण काळाची. बंडूनाना विसाव्या शतकाच्या आरंभीचे. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे चिमणरावांचे पुस्तक १९३२ चे. बंडूनानांना म्हातारे करावयाचे की चिमणरावांना पोरवयात न्यावयाचे? पहिलेच बरे, म्हाताऱ्या बंडूनानांचे अज्ञान अधिक पिकलेले असणार. दुसरी अडचण जागेची. पुण्याचे चिमणराव या बाजूला कशासाठी येतील? संत्र्यांसाठी म्हणावे, तर पुण्यात संत्री मिळतात. एखाद्या लग्नाच्या निमित्ताने आणावे. लग्न म्हटले की चिमणराव कोठेही जातील आणि कोणत्याही संकटात सापडतील. भेटीला आगगाडी उत्तम. नागपूर ते छिंदवाडा ही अरुंद मार्गाची लहान गाडी २०१५ सालापर्यंत सौंसरवरून धावत असे, त्यानंतर तो मार्ग रुंद करण्यात आला. त्या गाडीच्या चिंचोळ्या डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, तेव्हा संभाषण टळणे शक्यच नव्हते.

तिसरी अडचण खरी बिकट आहे, आणि बहुतेक संगमकथा तेथेच फसतात. कोल्हटकरांचे लेख सुदामा सांगतो, चि. विं. च्या कथा चिमणराव स्वतः सांगतात. दोन निवेदक एका डब्यात आले तर बोलावयाचे कोणी? चिमणरावांकडे निवेदन दिले तर बंडूनाना त्यांच्या भित्र्या डोळ्यांतून दिसतील आणि उगीच भव्य होतील. सुदाम्याकडे दिले तर चिमणरावांचे बावळेपण बाहेरून दिसेल आणि त्यातील गोडवा जाईल. कारण तो गोडवा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतात यात आहे. यावर एक तोड निघते. दोघांनीही सांगू नये. सौंसरच्या बाजारातून डब्यात चढलेल्या एखाद्या बाईने, त्या दोघांपैकी कोणाचेही नाव न ऐकलेल्या बाईने, घरी गेल्यावर आपल्या बोलीत सांगावे. तिला पुण्याची भाषा चमत्कारिक वाटेल आणि कोल्हटकरांची त्याहून चमत्कारिक. त्या दोघांची नक्कल करताना तिची स्वतःची मराठी कागदावर उतरेल. जी ना शाळेच्या पुस्तकात आहे, ना चि. विं. च्या.

एवढ्या तयारीनंतर कथा आठदहा पानांची होईल. शाळेच्या किंवा मंडळाच्या हस्तलिखित अंकात तेवढी जागा सहज मिळते. राहता राहिले सावनेर स्थानक. गाडी तेथे थांबणारच, आणि ठकीच्या स्थळाच्या शोधात निघालेले तिंबूनाना फलाटावर उभे असण्याचा संभव पुष्कळ आहे. कायद्याची त्यांना आडकाठी नाही. प्रश्न उरतो तो त्या लहानशा डब्यात आणखी एका माणसाला जागा करण्याचा, आणि चिमणराव आपली वळकटी मांडीवर घेतील तर तीही होण्यासारखी आहे.